कपाट, दोन दोर आणि भाऊजी

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? भाऊजींची काळजी करू नकोस. ते सुखरूप आहेत, फक्त खोलीत आहेत.

झालं असं की पोरगी उद्या नोकरीच्या गावी निघणार म्हणून सकाळपासून मला एका जागी बसवेना. तीनदा दाढीचं सामान काढलं नि ठेवलं. शेवटी वाटलं, दिवाणखान्यातलं लाकडी कपाट कोपऱ्यात सरकवावं, म्हणजे तिच्या बॅगा न्यायला वाट मोकळी होईल. (ही म्हणाली, वाट मोकळीच आहे. पण बावीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याचं घरात कोण ऐकतं?) मी फरशीवर खडूने दोन बाण काढले, एक खिडकीकडे, एक पोरीच्या खोलीच्या दाराकडे. कपाटाला दोन दोर बांधले. खिडकीकडून मी ओढणार, दारातून भाऊजी. दोन्ही बाण सारख्या लांबीचे, म्हणजे दोघांचा जोर सारखा, म्हणजे कपाट मधल्या तिरक्या रेषेने थेट कोपऱ्यात. फळ्यावर हे गणित आजवर एकदाही चुकलेलं नाही.

भाऊजींनी एक हिसका दिला. माझा दोर हातातून सुटला, कपाट सरळ त्यांच्यामागे धावलं, ते उडी मारून खोलीत गेले आणि कपाट दाराच्या चौकटीत असं रुतलं की ढिम्म हलत नाही. त्या खोलीच्या खिडकीला गज. आत भाऊजी आणि तिच्या दोन्ही बॅगा, बाहेर आम्ही तिघं. चहा कपाटावरच्या फटीतून दिला. पोरगी फरशीवरचे बाण बघून म्हणाली, "बाबा, दिशा बरोबर होत्या. पण आतोबांचा बाण तुमच्या दुप्पट हवा होता." मीच शिकवलेलं मलाच ऐकवते. तिच्याशिवाय हे घर मला खायला उठेल, ताई.

तुझा धाकटा

ता. क. : पत्र आत्ता तिच्याच हाती तुझ्याकडे धाडतो आहे, पाकीट डकवून. तिच्यासमोर उघडू नकोस.

ता. क. दुसरा : भाऊजींचा जोर माझ्या दुप्पट आहे हे मला तुमच्या लग्नापासून माहीत आहे. तरी बाण सारखे का काढले, ते विचारू नकोस.

ता. क. तिसरा : सुतार आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतो, अर्ध्या तासाचं काम आहे. दोनदा चप्पल घालून निघालो नि फाटकातून परतलो. त्याला निरोप तूच धाड. तिची गाडी सकाळी आठची आहे, चुकता कामा नये.