दुपट्याचा कोपरा

बोरी अरब, मंगळवार, माघ १९६५

मी सांगून राह्यली, सूनबाई लिहून राह्यली. पण जीव त्या दुपट्याच्या कोपऱ्यातच अडकला आहे.

विमानात नोकरीला असलेली माझी नात कुसुम रजा काढून लंडनले बहिणीच्या बाळंतपणाला गेलती. बाळासाठी मी दुपटं दिलं, कोपऱ्यात वेखंड शिवून. तिले बोलली नाही. कायले बोलायचं? आपल्या लेकरांच्या दुपट्यात असतंच.

तिथल्या कस्टमवाल्यानं विचारलं, काही लपवलं का? ही म्हणे, नाही. त्याच्या बोटाले कोपरा कडक लागला. विमानात नोकरी करणारे लोक चोरून सोनं नेतात, असा संशय आधीच. टाके उसवले, वेखंड हुंगलं अन् साहेब शिंकत सुटला.

परत आल्यावर तिनं हे सांगितलं, तं मले हसू आलं. कुसुमले नाही.

"आजी, नोकरीच जात होती. चोरासारखं बसवलं मले."

"मंग सोनंच शिवायला पाहिजे होतं."

ती भिंतीकडं तोंड करून बसली. शिवलं मी, अन् खोटी पडली ती. कोपरा काही मनातून जाईना. जेवताना हळूच विचारलं, "दुपटं तसंच उसवलेलं नेलं का?"

"नाही. त्या साहेबाच्याच टेबलावर शिवलं, वेखंड आत ठेवून."

"सुई कुठून आणली?"

"त्यानंच आणून दिली," कुसुम म्हणाली, अन् भाकरी मागितली.