बेडक्याच्या तलावात

शनिवार, १ मार्च
आज नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावाला आमच्या मुलाचं, बेडक्याचं नाव दिलं. सैन्यात जाण्याआधी तिथंच पोरांना पोहायला शिकवायचा. लढाईत कामी आला त्याला दोन वर्षं झाली.

पाटीवरचा पडदा मी ओढायचा होता. ओढला — अर्ध्यात अडकला! शेवटी हे स्टुलावर चढले आणि सोडवला. मग माईक माझ्या हातात. काय बोलणार, कपाळ! मनात होतं तेच बोलून गेले. "जन्मभर माझ्या मागे लागला होता, आई, एकदा तरी पाण्यात उतर. मी काही उतरले नाही."

मागून एक पोरगी ओरडली — "मग सोमवारी या की, काकू!"

हशा पिकला. मीही हसले. त्या ठिकाणी हसू येईल असं वाटलं नव्हतं.

रविवार, २ मार्च
ती पोरगी त्याचीच विद्यार्थिनी. आता त्याच्या जागी तीच शिकवते. आणि थट्टा नव्हती ती! पोहण्याचा पोशाख घेऊन या, असा निरोप आलाय.

लोकांचे कपडे शिवण्यात हयात गेली. आज स्वतःचं माप घेतलं आणि टेप झटकन गुंडाळून ठेवली.

सोमवार, ३ मार्च
उतरले. कमरेएवढ्या पाण्यात. कठडा काही सोडवेना.

पोरगी म्हणाली, "काकू, तो कठडा कुठं पळून जात नाही. धरून कशाला ठेवताय?"

हुबेहूब त्याचं बोलणं! "हे कुणी शिकवलं तुला?"

"सरांनी. मीपण अशीच चिकटले होते."

दोन वर्षांनी त्याचं एक नवं वाक्य कानावर पडलं. डोळे वाहायला लागले, पण पोरांनी उडवलेल्या पाण्यानं चेहरा आधीच ओला. कुणाला पत्ता नाही.

गुरुवार, ६ मार्च
नाकात पाणी. कानात पाणी. पोटात तर विचारूच नका.

मंगळवार, १८ मार्च
रोज त्याचं एखादं वाक्य घरी घेऊन येते. बेडक्या गेल्यापासून ह्यांच्यासमोर त्याचा विषय निघाला की हे उठून जायचे. हल्ली पेपरामागे बसून ऐकतात. पेपर उलटायचाही विसरतात!

आज सांगितलं, "घाबरून ताठ झालेल्या पोरांना म्हणायचा — अरे, पाण्यात आलायस, फोटो काढायला नाही!"

पेपर हलायला लागला. हे हसत होते. मग पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "अजून काय म्हणायचा?"

रात्रीचं जेवण गार झालं. आधी मी सांगत होते, मग हेच सांगायला लागले. लहानपणी बेडक्या बादलीत तोंड घालून श्वास रोखायचा, तेव्हा ह्यांची कशी पाचावर धारण बसायची, ते बादली आणून करूनसुद्धा दाखवलं. सगळी फरशी ओली!

मंगळवार, २५ मार्च
तरंगले!! पाठीवर. वर नुसतं आभाळ. म्हटलं, हे सांगत होतास होय रे!

शुक्रवार, ११ एप्रिल
या काठावरून त्या काठावर, कुणाचा हात न धरता! मध्ये एकदा बुडते की काय वाटलं. हे काठावर येऊन बसले होते. मी पोचले तशी असे ओरडले, "ही बेडक्याची आई! बेडक्याची आई आहे ही!" पोरांनी टाळ्या पिटल्या. लाजेनं पुन्हा पाण्यात जावंसं वाटलं.

पोरगी म्हणाली, "सर असते तर नाचले असते."

रविवार, ४ मे
पोरगी सकाळी घरी आली. सैन्यात भरती झाली. पुढच्या आठवड्यात निघायचं. "सरांमुळे, काकू," म्हणाली. चेहरा असा फुललेला! मी तिला पोटाशी धरलं. शाबास म्हणाले. लढाई अजून चालूच आहे.

ती गेल्यावर चपला घातल्या आणि तिच्या आईकडे गेले. कधी बोललो नव्हतो आम्ही. तिनं दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुमचीच वाट बघत होते."