गिरणीतले काळे चौकोन

सिंदेवाही,
२० जानेवारी २००९

चिरंजीव प्रफुल यास वामनकाकाचा जयभीम आणि भरपूर आशीर्वाद.

तू आणि नंदिनी मजेत असाल, तुझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात गिऱ्हाइकांना उभे राहायला जागा नसेल आणि नागपूरच्या थंडीने वहिनींचे गुडघे फार दुखावले नसतील, असे धरून चालतो. आमच्याकडे सगळे ठीक. माझी साखर तुझी काकू ताब्यात ठेवून आहे (साखर म्हणजे रक्तातली आणि डब्यातली, दोन्ही). तू आमच्या सहकारी भात गिरणीत बसवून दिलेले कॅमेरेही ठणठणीत आहेत. ठणठणीत नाही तो फक्त आमचा चौकीदार इसरू. येत्या रविवारच्या सभेत त्याला कामावरून काढायचे घाटते आहे, आणि तेही तुझ्या कॅमेऱ्यांच्या साक्षीने. म्हणून हे पत्र.

दिवाळीपासून गोदामातले तांदळाचे शिवलेले कट्टे कमी होत होते, हे तुला माहीतच आहे. तेवढ्यासाठी तर तुला बोलावले. तू आलास, भिंतींना भोके पाडलीस, वायरी ओढल्यास, इंटरनेटची डबी लावलीस आणि ऑफिसातल्या टीव्हीवर सगळी गिरणी दाखवलीस. ती पाहून आमच्या संचालकांच्या तोंडाला पाणी सुटले. आता चोराची खैर नाही, असे अध्यक्ष सोमाजीभाऊ टेबलावर मूठ आपटून म्हणाले. इथपर्यंत सगळे छान होते. मग सोमाजीभाऊंनी स्वतःलाही टीव्हीवर पाहिले, आणि तिथून घसरण सुरू झाली.

आधी पासवर्डचे सांगतो. तो गुप्त ठेवा, असे तू जाताना बजावून गेलास. संस्था नियमाने चालते, त्यामुळे पासवर्ड काय असावा यावर रीतसर चर्चा झाली, सूचना मांडली गेली, अनुमोदन मिळाले, ठराव एकमताने मंजूर झाला आणि सभासदांच्या माहितीसाठी त्याची प्रत नोटीस बोर्डावर लागली. ती अजून तिथेच आहे. बाजाराच्या दिवशी गावोगावची माणसे ती वाचून जातात. आमच्याइतका सार्वजनिक गुप्त शब्द दुसऱ्या कुठल्या गिरणीकडे नसेल.

घड्याळाचे त्याहून बरे. इथे वीज जाते (ती येते असे म्हणणे जास्त खरे होईल) आणि आली की तुझे यंत्र सन दोन हजारच्या पहिल्या दिवसावर जाऊन बसते. तारीख कशी लावायची ते तू दाखवून गेला होतास, पण ते बटण दाबायचा अधिकार अध्यक्षांचा की सचिवांचा हे ठरलेले नाही. त्यामुळे आमच्या गिरणीत गेले तीन आठवडे नवे शतक रोज उजाडते आहे.

पण खरे पराक्रम त्या काळ्या चौकोनांचे. चित्रातला नको तो भाग काळ्या चौकोनाने झाकता येतो, हे तू चहा पिता पिता सहज बोलून गेलास. प्रफुल, सहकार क्षेत्रात सहज बोलू नये. त्या दुपारी एकेक जण तुला बाजूला घेऊन कानात कुजबुजत होता आणि तू प्रत्येकाला "हो भाऊ" म्हणत होतास, ते मी पाहिले आहे. सोमाजीभाऊंनी माल चढवायचा ओटा काळा करून घेतला, कारण तिथे त्यांचा ट्रॅक्टर उभा राहतो आणि ट्रॅक्टरला नजर लागते. व्यवस्थापकांना मागचे दार झाकून हवे होते. तिथून फार ऊन येते आणि चित्र बिघडते म्हणे. काट्यावर तोलणाऱ्या फारूकभाईंचे स्टूल झाकले गेले, कारण मॅच असली की ते काट्याकडे कमी आणि रेडिओकडे जास्त बघतात, आणि हे त्यांनी निदान हसत हसत कबूल तरी केले. कोंडा झाडणाऱ्या सोनीबाईने जेवायला बसते तेवढा कोपरा मागितला. एवढी एकच मागणी मला शहाणपणाची वाटली. आता टीव्ही लावला की मोठमोठे काळे चौकोन दिसतात आणि त्यांच्या मधून गिरणीच्या चिंध्या. तुझी काकू महिला संचालक म्हणून पहिल्यांदा तो बघायला बसली तेव्हा म्हणाली, "अवं, पूर्ण काळाच करून टाका ना मंग! करंट तं वाचन!"

चौकोन मागितला नाही तो एकट्या इसरूने. तू त्याला विचारलेस तेव्हा तो काय म्हणाला ते तुला आठवत असेल. "मले काऊन पाहिजे? मी तं दिसाले पाहिजे ना बाबू, चौकीदार आहो मी."

झाले. गेटावर उभा असलेला इसरू हा अख्ख्या गिरणीत दिसणारा एकमेव मनुष्य उरला. कट्टे कमी होणे काही थांबले नाही. मागच्या रविवारी संचालक मंडळ दारे बंद करून रेकॉर्डिंग पाहायला बसले. त्यात ओटा काळा, मागचे दार काळे, काटा काळा आणि मधोमध इसरू. तो रोज संध्याकाळी खांद्याला कापडी थैला अडकवून गेटाबाहेर जातो आणि थोड्या वेळाने परत येतो. सोमाजीभाऊंनी त्या थैल्याला बोट लावले आणि चोर सापडल्याचे जाहीर केले.

थैल्यात कट्टा कसा मावेल, असे कट्ट्यांचा हिशोब द्यायला बोलावलेल्या फारूकभाईंनी विचारले. "थोडा थोडा करून नेला असन," असे उत्तर आले. बरे, पण थैला जाताना रिकामा लोंबतो आहे आणि येताना फुगलेला आहे, हे पडद्यावर आंधळ्यालाही दिसत होते. माल आणून ठेवणारा चोर फारूकभाईंनी राजुऱ्यापासून सिरोंचापर्यंत कुठेही पाहिला नव्हता. त्यावर सोमाजीभाऊंनी केलेला खुलासा मी जपून ठेवला आहे. यंत्राची तारीख उलटी गेली आहे ना, मग येणे आणि जाणेही उलटे झालेले असणार. पाच संचालकांनी माना डोलावल्या. त्यातले दोघे पदवीधर आहेत.

शेवटी इसरूला आत बोलावले. काय आणतोस, असे विचारले तर "सामान" म्हणाला. कोणाचे, तर "माह्यं नाई, बापा." एवढे ऐकताच कबुली मिळाल्यासारखा गलका झाला. तुझी काकू मात्र हटून बसली. "त्याचं नाई तं कोनाचं हाय, हे तं विचारा! कोनाचं रे, इसरू?" इसरूने एकवार माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. भावना फार तापल्या होत्या, म्हणून सचिव या नात्याने मी तिथेच सभा तहकूब केली.

ही आमची सुरक्षा. शेळी गेटातून गेली की भोंगा वाजतो आणि कट्टे ओट्यावरून गेले की सगळे शांत. ज्याने लपवायला काही मागितले नाही तोच चोर, हा न्याय आम्ही तुझ्याकडून विकत घेतला आहे. तेव्हा रविवारच्या आत ये आणि सगळे चौकोन पुसून टाक. निदान यापुढे कट्टे कुठून जातात ते गावाला दिसू दे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
वामनकाका

ता. क. : चौकोन पुसताना आवारातल्या चिंचेखालचा तेवढा राहू दे. तो कोणी मागितला ते तुला ठाऊक आहे. निवृत्त मास्तराने संध्याकाळी घटकाभर सावलीत बसणे ही संस्थेच्या सुरक्षेशी संबंधित बाब नाही.

आणखी एक : त्या थैल्यात बालूशाही असते. बसस्टँडजवळची, गरम. माझीच. तुझ्या काकूच्या कानावर जाऊ द्यायचे नाही, असा शब्द मी इसरूकडून घेतला होता, आणि तो गाढव नोकरी जायची वेळ आली तरी तो पाळतो आहे. तेव्हा तुझ्या दुकानाच्या लेटरहेडवर 'यंत्रात दोष असून थैल्याबाबत काहीही खात्रीने सांगता येत नाही' एवढे दोन ओळींत लिहून पाठव. फोन करू नकोस, घरी फोन काकूच उचलते. पत्र फारूकभाईंच्या पत्त्यावर टाक. ते आले नाही तर मला भर सभेत उठून बोलावे लागेल, आणि महिला संचालक पहिल्याच रांगेत बसतात.

शेवटचे : गिरणीच्या ऑफिसात पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात इसरू थैला घेऊन समोर उभा. "आज आनू का, गुरुजी?" मी म्हटले, वेडा झालास का, आजपासून बंद. तर म्हणतो, "बंद केलं तं त्याह्यले वाटन, पकडल्यावर चोरी सोडली यानं." आणि गेटातून, कॅमेऱ्याच्या पुढून, मान वर करून गेला. येताना तीच मान, तोच थैला. मी आजची बालूशाही खाल्ली, पण गोड लागली नाही.

वरचे लेटरहेडचे खोड. चिंचेखालचा चौकोनही पूस, तिथे आता पाहण्यासारखे काही घडणार नाही. रविवारी मीच बोलतो. तू मात्र सभेला नक्की ये. काकूच्या आणि माझ्या मधल्या खुर्चीवर बसायला घरचा माणूस हवा.