हिलालच्या तारा

दिल्ली, ८ फेब्रुवारी १९७१

तीर्थरूप नानांना आत्मारामचा दिल्लीहून नमस्कार.

मी बरा आहे. इथली थंडी ओसरली. अक्काचा खोकला थांबला का?

भूकंप झाला की देशभरातल्या केंद्रांवरून धक्क्याची नेमकी वेळ आमच्याकडे तारेने येते. त्या वेळांवरून जमीन कुठे हलली ते आम्ही काढतो आणि सगळ्यांना कळवतो. डोंगरातल्या एका केंद्रावर आपला हिलाल आहे. त्याच्यासाठी मीच साहेबांकडे शब्द टाकला होता.

गेल्या महिन्यात आमचं ठिकाण तीस मैल चुकलं. मदतीच्या गाड्या भलत्याच खोऱ्यात गेल्या आणि घरं पडलेल्या गावातली माणसं दोन दिवस उघड्यावर राहिली. मी हिलालच्या यंत्राचे कागद मागवले, तर ते कोरे! यंत्र तीन महिने बंद होतं. शेजारच्या केंद्राची वेळ विचारून, त्यात चार-दोन सेकंद मिळवून तो तार करत होता. या तीन महिन्यांत मला त्याची चार पत्रं आली, पण यंत्राबद्दल त्यांत एक अक्षर नाही.

मग तो इथे आला. म्हणाला, "आत्माराम, तू मना गावना शे. ह्या कागद दपाडी ठेव."

मी त्याला जेवू घातलं, पण कागद लपवले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याविरुद्धच्या अहवालावर सही केली. त्याची नोकरी गेली.

त्याचे वडील रोज आपल्या ओट्यावर बसतात. हे पत्र त्यांना तुम्हीच वाचून दाखवा. रागावले तर रागावू द्या, पण चहा घेतल्याशिवाय उठू देऊ नका.

तुमचा,
आत्माराम