माल घ्यायला घरी कोणी आहे का?

प्रिय वहिनी,

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोन करता आला असता, पण फोनवर तू 'बरं' म्हणतेस आणि विषय बदलतेस. समोर बसून बोलायचं तर तुझ्याआधी मीच रडायला लागते आणि मग तुलाच माझी समजूत काढावी लागते. ते आपलं करून झालंय. म्हणून लिहितेय. कामं आटोपून निवांत बसलीस की वाच, मात्र अर्धवट टाकू नकोस.

आधी बातमी सांगते. आमच्या ऑफिसातली म्हातारी रविवारी बंद होणार. म्हातारी म्हणजे आमची जुनी कॉम्प्युटर यंत्रणा. दादानेच तिचं हे बारसं केलं होतं. कुठली गाडी कुठे पोचली, कुणाचा माल कुठे उतरवायचा, सगळं तिच्या पोटात असायचं, पण काही विचारलं की आधी कण्हणार, मग सांगणार. आता तिच्या जागी नवी आणलीय. नवीचे नखरे असे की तिला अर्धवट राहिलेल्या फेऱ्या चालत नाहीत. म्हातारीकडे जेवढ्या फेऱ्या उघड्या राहिल्यात तेवढ्या या आठवड्यात बंद करायच्या, आणि हे काम मोठ्या साहेबांनी माझ्या गळ्यात मारलं. दादा गेल्यावर मी मुद्दाम मागून घेऊन गोदामाच्या बाजूला गेले होते, ते तुला माहीत आहे. गाड्यांच्या त्या खुर्चीत मला पुन्हा बसायचं नव्हतं. पण साहेबांना 'हो' म्हणून मोकळी झाले, आणि सोमवारी सकाळी मी त्याच खुर्चीत बसले.

तुला आठवतं का गं, हे सगळं कसं सुरू झालं? दादा गाडी चालवताना फोनला हात लावायचा नाही, कुणी कितीही डोकं आपटलं तरी. तू मात्र इकडे त्याच्या आंघोळीचं पाणी तापवायचीस, ते निवायचं, पुन्हा तापवायचीस, आणि तो आला की तुमची जुंपायची. शेवटी एकदा तोच माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, बाई, आमच्या घराला पण एक गिऱ्हाईक करून टाक. मी केलं. त्याच्या प्रत्येक फेरीला शेवटचा थांबा म्हणून तुमचं घर जोडायला लागले. वजन शून्य टाकलं. वस्तूचं नाव काय घालू विचारलं तर म्हणतो कसा, नवरा, एक नग, नाजूक, जपून उतरवून घ्यावा. आख्खं ऑफिस हसत होतं. मग सगळ्या गिऱ्हाइकांना जातो तसा तुलाही म्हातारीचा निरोप जायला लागला. आपली डिलिव्हरी आज अमुक वाजता पोचेल, माल घ्यायला घरी कोणी आहे का, असल्यास १ पाठवा. तू १ पाठवायचीस. आणि दारात आला की हा शहाणा आत यायचा नाही. इतरांकडे मागतो तसा तुझ्याकडे कोड मागायचा. तू सांगितलास की फोनवर टाकायचा, मग फेरी बंद, मग चपला काढायच्या. भांडण झालं असेल तर तू चुकीचा कोड सांगून त्याला दारात ताटकळत ठेवायचीस. एकदा मी आले तेव्हा तो पायरीवर बसून शेजाऱ्यांचा पेपर वाचत होता. माल परत पाठवायच्या बेतात आहेत म्हणाला.

सोमवारी पडद्यावर उघड्या फेऱ्या बघत होते. बहुतेक सगळा फुटकळ कचरा. कुणी सही घ्यायला विसरलेलं, कुणाचं खोकं दोनदा चढवलेलं. आणि त्यात त्याच्या गाडीचा नंबर आला. पुढे हिरव्या अक्षरात लिहिलेलं, वाटेत आहे, आज दुपारी पोचेल.

वहिनी, मी तो नंबर पुन्हा पुन्हा वाचला. दादा गेला हे आपण दोघींनी डोळ्यांनी पाहिलंय. त्याला ओळखायला आपणच गेलो होतो, आणि तू माझा हात इतका घट्ट धरला होतास की बांगडी रुतली होती. पण म्हातारीला ते कुणी सांगितलंच नव्हतं. पुलावरून नदीत गेलेली त्याची गाडी काढली, त्यातला माल सुकवून दुसऱ्या गाडीने गेला, ज्याचा त्याला मिळाला, ते सगळे थांबे बंद झाले. राहिला तो तुमच्या घरचा. तिथे माल नव्हता, म्हणून तक्रार आली नाही, आणि तक्रार नाही म्हणून कुणी ढुंकून पाहिलं नाही. आमच्याकडे असंच चालतं. पोचलं असं कुणी सांगेपर्यंत म्हातारीच्या लेखी ते वाटेतच असतं. ती बापडी रोज सकाळी उठून पुलापासून तुझ्या दारापर्यंतचं अंतर मोजते आणि वेळ सांगते. तिच्या नकाशावर तो अजून पुलावरच आहे, नुसता पूल ओलांडायचा राहिलाय.

आणि ऐक, मी काय केलं ते. त्या दुपारी काहीतरी निमित्त काढून मी ऑफिसच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. वेडेपणा आहे हे मला कळत होतं. ऊन चांगलं रणरणतं होतं, समोर टायरवाल्याचं दुकान, रस्त्यावर नेहमीची वर्दळ, सगळं जिथल्या तिथे. तेवढ्यात वळणावर निळी गाडी दिसली आणि तिने दोनदा आखूड हॉर्न दिला, अगदी त्याच्यासारखा. मी तिथेच खाली बसले. रखवालदाराने धावत जाऊन खुर्ची आणली. गाडी दुसऱ्याच कुणाची होती. सकाळपासून काही खाल्लं नाही म्हणून भोवळ आली, असं मी त्याला सांगितलं. त्याला खरं वाटलं नसावं, कारण तो वळणाकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, मलाही कधी कधी वाटतं.

परत आत येऊन मी ती फेरी उघडली. बंद करायलाच उघडली होती. तर खाली तुझी उत्तरं. रोजचा निरोप, आणि रोज त्याखाली तुझं १. एक दिवस चुकलेला नाही. तू तापाने फणफणली होतीस आणि मी तुझ्या उशाशी बसले होते, त्या दिवसाचंसुद्धा आहे. म्हणजे मी औषध आणायला स्वयंपाकघरात गेले तेवढ्यात पाठवलं असणार.

मग एकेक गोष्ट उलगडत गेली. शाळेच्या ग्रंथालयातली नोकरी, इतकी मनासारखी, दुपारची वेळ जमत नाही म्हणून सोडलीस. मी तुला तेव्हा केवढी बोलले होते. माझ्याकडे राहायला ये म्हटलं की सकाळी येतेस आणि जेवायच्या आत पळतेस. फाटकाची कडी कधी लावलेली नसते. आणि मी बेल वाजवली की तू दार उघडतेस आणि आधी माझ्या डोक्याच्या वर बघतेस, जिथे त्याचा चेहरा असायचा. मग नजर खाली आणतेस आणि म्हणतेस, वन्सं, या. हे मी कितीदा पाहिलं, पण मनावर घेतलं नाही.

तू वेडी झालीस असं मला एक क्षणही वाटलं नाही. खरं सांगू का, मला तुझा हेवा वाटला. तुला रोज सकाळी त्याचा निरोप येत होता आणि मला नाही. मंगळवारी, बुधवारी मी मुद्दाम लवकर जाऊन ती हिरवी अक्षरं बघत बसले. दुपार जवळ आली की घड्याळाकडे बघत राहायचे, आणि ती टळली की उरलेला दिवस कशातच जीव लागायचा नाही. दोन दिवसांत माझी ही गत झाली गं. तू हे रोज कसं सोसलंस, आणि सोसून संध्याकाळी मला फोनवर 'बरं' कसं म्हणालीस, ते तुझं तुला ठाऊक. माझा भाऊ घराबाहेर पडून जितका गेला नाही तितकी तू घरात बसून चाललीस, असं मला वाटायला लागलंय, आणि त्याची मला भीती वाटते. मला आणखी एक माणूस गमवायचं नाही.

आता पत्र कशासाठी, ते सांगते. म्हातारी रविवारी गप्प होईल, आणि सोमवारी तुला निरोप येणार नाही. ते तू फोन हातात धरून समजून घ्यावंस हे मला सहन झालं नसतं. फेरी मी नाही बंद केली तर साहेब त्यांच्या अधिकारात करतील, आणि त्यांच्याकडे त्यासाठी एकच शेरा आहे, माल गहाळ. दादाच्या नावापुढे मी ते लिहू देणार नाही, त्यावरून काल त्यांच्याशी चांगलीच वाजली. त्यांनी मला शनिवारपर्यंत वेळ दिलाय. पोचला असं लिहायचं तर घेणाऱ्याचा कोड लागतो, आणि त्या फेरीचा कोड तो निघाला त्या सकाळी तुझ्या फोनवर आलेला आहे. तो तू पुसला नसशील. तर शनिवारी दुपारी, म्हातारी सांगेल त्याच वेळेला, मी येते. नवरा मला आणता येत नाही, वहिनी. त्याचा तो राखाडी स्वेटर तेवढा आणते. उकडतंय म्हणून त्या दिवशी तो आमच्या ऑफिसच्या खिडकीशी खुंटीला अडकवून गेला होता आणि अजून तिथेच आहे, कुणी हात लावलेला नाही. मी बेल वाजवीन आणि आत येणार नाही, पायरीवर उभी राहीन आणि कोड मागेन. चुकीचा सांगितलास तर बसेन शेजाऱ्यांचा पेपर वाचत, पुन्हा मागेन. पण दार उघडशील तेव्हा या खेपेला वर बघू नकोस, माझ्याकडे बघ. सकाळी निरोप येईल, त्याला नेहमीसारखं १ पाठव, आणि पाणी तापत ठेव.

तुझीच,
वन्सं