कुमाकडे पावती मागायची नसते

प्रिय रुझित्सा,

फाडू नकोस. भांडण उकरून काढायला लिहिलेलं नाही हे. गॅसवर काही असेल तर बंद कर आणि शेवटपर्यंत वाच. मला भीती वाटतेय, इतकी की अक्षर धड येत नाहीये, ते तुला दिसतच असेल. परवापासून फोन लावतेय. मी ‘ब्रेक’ एवढंच म्हणते आणि तू ठेवून देतेस; आता तर उचलतही नाहीस. तुझंही बरोबर आहे, माझ्या तोंडून तो शब्द तू नको इतका ऐकलास. तुला बोलावून दे म्हणून आज सकाळी तुझ्या शेजारच्या मिलेवानाला फोनवर विनवलं, तर ती म्हणाली, कुमांच्या भांडणात मध्ये पडणाऱ्याचंच डोकं फुटतं. म्हणून हे पत्र दुपारच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतेय. कॉफीचं पाकीट देऊन तुझ्याच हातात द्यायची शपथ घालणार आहे. आत काय आहे ते त्याला सांगणार नाही. इथे प्रिएपोल्येत बोललेलं तो नोवा वारोशला पोचेपर्यंत प्रत्येक थांब्यावर उतरवत जातो.

तुझ्या नेवेनाला बाप्तिस्म्याच्या पाण्यावर मी धरलं होतं, आठवतं? तिने माझा नवा रेशमी ब्लाउज ओला केला आणि पाद्रीसुद्धा हसला. त्या दिवसापासून आपण कुमा झालो, सख्ख्या नात्याहून घट्ट, आणि तुझा नवरा रादिशा माझा कुम. तेव्हापासून माझ्या गाडीने त्याच्याशिवाय दुसऱ्याचं गॅरेज पाहिलं नाही. किती झाले म्हणून विचारायची सोय नव्हती. स्लावाच्या सणाला जेवायला बसून मटणाचा भाव विचारल्यासारखं झालं असतं ते! मी भाजल्या मिरच्यांच्या आयवारची बरणी आणि आलुबुखाराची घरची दारू, राकिया, घेऊन यायची, आणि रादिशा म्हणायचा, हेच जास्त झालं. लोक म्हणायचे, स्तामेनाचं नशीब, घरचा मिस्त्री आहे. खरं सांगू, मला त्याची धास्तीच वाटायची. पैसे मोजले की माणूस तक्रार करू शकतो. फुकटच्या कामाला कोणत्या तोंडाने नावं ठेवायची?

वसंतात त्याने माझे ब्रेक पॅड बदलले आणि थोड्याच दिवसांत चाक किंचाळायला लागलं. दीर म्हणाला, वहिनी, फुकटात कोण चांगला माल घालतो? ते माझ्या डोक्यात किड्यासारखं शिरलं. तरातरा वर तुमच्या गॅरेजात आले आणि चार गिऱ्हाइकांसमोर पावती मागितली, किंमत विचारली, काढलेले जुने पॅड दाखव म्हणाले. आणि वर ते वाक्य बोलले, ‘कुमाला फुकट म्हणजे कुमाला टाकाऊ, असंच ना?’ रादिशा लालबुंद झाला. तू माझी अर्धी कॉफी मोरीत ओतलीस. तेव्हापासून आपलं तोंड बंद. चाक पुढे आपोआप गप्प झालं. मला वाटलं, गेली पीडा. दुसरीकडे दाखवायचं सुचलं नाही असं नाही. पण कुमाने केलेलं काम परक्याला उघडून दाखवायची लाज वाटली.

सोमवारी मी झ्लातारच्या डोंगरावरून चीज घेऊन उतरत होते. तुमच्या दारावरून गेले, मान वळवली नाही. बिस्त्रित्साच्या उतारावर पुढे लाकडांचा ट्रक होता. ब्रेकचं पेडल दाबलं तर खाली नुसती खरखर, आणि गाडी तशीच पुढे. पुन्हा दाबलं. ट्रकच्या ओंडक्यांच्या तोंडावरचे लाल ठिपके मला मोजता येतील इतके जवळ आले. हँडब्रेक ओढला आणि गाडी दरडीला घासत नेली, कारण दुसऱ्या बाजूला काय आहे ते तुला माहीत आहे. गुडघा फुटला, पाय प्लास्टरमध्ये आहे; नाहीतर पत्र कशाला, मीच तुझ्या दारात बसले असते. डोळे मिटले की ती खरखर ऐकू येते. देवाचं नाव घ्यायलाही सुचलं नव्हतं गं मला.

गाडी इथल्या शेफ्केत मिस्त्रीने ओढून नेली. मी कुबड्यांवर तिथे गेले, मनात एकच, रादिशाला आता सोडायचं नाही. शेफ्केतने आधी कामाचा भाव सांगितला, माझा होकार घेतला, मगच चाक उघडलं. पॅडवरचा थर लोखंडी पट्टीवरून अख्खा सुटून आला होता, ओल्या भिंतीच्या पापुद्र्यासारखा. पट्टीवर छापलेलं नाव मोठ्या कंपनीचं, पण खोटं. तसली खोकी एक व्हॅनवाला गावोगाव विकून गेला, म्हणे, आणि अस्सल मालाचेच पैसे घेऊन गेला. मी विचारलं, बसवणाऱ्याला कळायला नको? तर म्हणाला, ‘बसवणाऱ्याने जीव ओतून बसवलंय, बाई. हात खरा आहे, माल खोटा आहे. तोही तुमच्यासारखाच फसलाय.’ एवढं सगळं मी ‘ब्रेक’ या एका शब्दानंतर सांगणार होते. रादिशाची माफी मी गुडघे टेकून मागेन, एकच टेकता येतो सध्या. शेफ्केतचं तोंड घट्ट आहे आणि मीही कुणाला बोलले नाही. गॅरेजचं नाव गेलं तर तुम्ही खाणार काय?

पण माफीसाठी एवढी घाई नसती केली. त्या दिवशी मी तरातरा निघाले तेव्हा रादिशा फाटकापर्यंत मागे आला होता. तू आत होतीस, तुला ठाऊक नसेल. तो म्हणाला, ‘स्तामेना, तुझ्या गाडीत घातलं त्याच खोक्यातलं मी नेवेनाच्या गाडीत घातलंय. पोटच्या पोरीला फसवीन का?’ मी तेव्हा त्याला हसले. आणि आज मिलेवाना फोन ठेवता ठेवता म्हणाली, रुझित्साला आता वेळ नाही, नेवेना उद्या पहाटे पोरांना घेऊन समुद्रावर निघालीय. म्हणजे मोराचाच्या खोल दरीच्या कडेकडेने जाणाऱ्या घाटातून, रुझा, तीन पोरं मागच्या सीटवर. तिचा नवा नंबर माझ्याकडे नाही. तो मागायला मी तोंडच ठेवलं नव्हतं. ती गाडी बेकरीपर्यंतसुद्धा नेऊ देऊ नकोस. दिवेलागणीपर्यंत तुझा फोन आला नाही तर मी रादिशाच्या नावाची पर्वा करणार नाही. नोवा वारोशमधल्या घराघरात फोन करेन, पोलिसांना सांगून तिला रस्त्यात अडवेन. मग जन्मभर माझं तोंड बघू नकोस. आत्ता मात्र हे पत्र खाली टाक आणि नेवेनाच्या हातातून चावी काढून घे. आधी चावी, मग मला शिव्या.

तू नाही म्हणालीस तरी तुझीच,
स्तामेना