मागच्या चाकाची हवा

३ फेब्रुवारी

प्रिय सुईबाईस,

अनेक आशीर्वाद लिहिले तर हसशील, म्हणून नुसती आठवण. तुझं पत्र शिध्याच्या ट्रकबरोबर आलं. या डोंगरात फोन लागत नाही, तेव्हा तो ट्रकवालाच आमचा पोस्टमन. वेल्डिंगचा मुखवटा वर करून पुलाखाली उभ्या उभ्या वाचलं. हॉस्पिटलची गाडी बंद झाली आणि आता आईला डायलिसिसला माझ्या मोटारसायकलवरून तूच नेतेस, हे तू असं लिहिलंस की जणू कोपऱ्यावरून दूध आणायचं आहे. बसमध्ये आईला उभं राहवत नाही हे मला कळतं. दुसरी सोय नाही हेही कळतं. तरी जीव टांगणीला लागला आहे.

गाडी तू चांगली चालवतेस, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते चाकांबद्दल. मी एकटा हिंडायचो तेव्हा हवा थोडी कमीजास्त चालून जायची. मागे माणूस बसलं की चालत नाही. पुढच्या चाकात पंचवीस, मागच्यात तेहेतीस. साखळीच्या झाकणावर कागद चिकटवलेला आहे, त्यावर हेच आकडे आहेत. हवा सकाळी गाडी काढण्याआधी बघायची, चाक थंड असताना. धावून आलेलं चाक तापलेलं असतं, ते आकडा फुगवून सांगतं. आणि अंगठ्याने दाबून बघू नकोस. अंगठ्याला काही कळत नाही, तो कापड पारखायला ठीक आहे.

आईला सांग, मागे बसल्यावर उजवीकडे कलून दुकानं बघत जाऊ नकोस म्हणावं. लवकर लिही.

तुझाच,
पूलवाला

९ फेब्रुवारी

पूलवाल्यांस स. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आई म्हणाल्या की याला माझ्यापेक्षा चाकाचीच काळजी जास्त दिसते. मी मात्र हवा मोजायचं गेज आणलं आहे. आता रोज सकाळी मी चाकाशी उकिडवी बसते, आणि समोरच्या काकू खिडकीतून विचारतात की काही हरवलं का.

पहिल्या दिवशी पंपावर हवा भरून घेतली. तिथल्या बाईंनी न विचारता दोन्ही चाकांत चाळीस भरली. म्हणे सगळे एवढीच भरतात. घरी येईपर्यंत गाडी बेडकासारख्या उड्या मारत होती. आईंची पाठ धरली. मग मी स्वतः बसून जास्तीची हवा सोडली आणि तुमच्या आकड्यांवर आणून ठेवली.

आता खरी गोष्ट. मागच्या चाकाची हवा टिकत नाही. तेहेतीस भरली की तीन-चार दिवसांत सत्तावीसवर येते. व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी सोडून पाहिलं, बुडबुडा आला नाही. पंक्चरवाल्याकडे नेली. त्याने टायर सगळीकडून फिरवून पाहिला, म्हणाला खिळा नाही, काही नाही, जुनी ट्यूब अशीच करते. पायाचा पंप आणला आहे, जाण्याआधी भरून घेते. तुम्ही उगाच झोप उडवून घेऊ नका.

आईंची तब्येत तशीच. डायलिसिसहून आल्यावर गळून जातात, पण जेवायला मात्र हाक मारावी लागत नाही.

आपली माया आहे तशी राहू द्या.

सुई

१५ फेब्रुवारी

सुईस,

आत्ताच तुझं पत्र मिळालं. ट्रक परत निघायच्या आत हे लिहून देतो आहे, म्हणून गोड बोलायला सवड नाही. हवा टिकत नाही हे कळल्यावरही तू आईला मागे बसवून नेतेस? पंप मारणं म्हणजे दुखण्यावर फुंकर घालणं झालं. आमच्यातला एक फिटर अशाच हळूहळू गळणाऱ्या चाकावर रोज यायचा. उतारावर मागचं चाक बसलं आणि गाडी आडवी झाली. त्याचा खांदा अजून वर उचलला जात नाही.

ट्यूब बदलल्याशिवाय गाडीला हात लावू नकोस. आईचा जीव म्हणजे तुझ्या शिवणाचा तुकडा नव्हे, चुकलं तर उसवून पुन्हा टाके घालायला. मुकादमाकडे रजा मागितली. तो म्हणतो, पुलाचा मधला गाळा बसेपर्यंत वेल्डर सोडता येणार नाही. मी इथे अडकलो आहे आणि तिथे तू हे करतेस.

उत्तर ताबडतोब पाठव.

पूलवाला

१९ फेब्रुवारी

चि. टिल्लूस आईचे अनेक आशीर्वाद.

सहा फुटांचा झालास तरी माझा टिल्लूच, म्हणून कान धरायचा हक्क आहे. तुझं ते पत्र आज आलं. तिने दोनदा वाचलं, घडी घातली आणि मशीनवर जाऊन बसली. बराच वेळ बसली होती, पण मशीनचा आवाज काही आला नाही. मग मी पत्र मागून घेऊन वाचलं. तुझ्या वडिलांनाही राग यायचा, पण ते रागात पत्र लिहीत नसत. बाहेर जाऊन लाकडं फोडत.

तुझं पत्र पोहोचलं त्याच्या आधीच जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. परवा हॉस्पिटलमधून येताना कालव्याच्या रस्त्यावर मागचं चाक बसलं. गाडी शेपटी हलवायला लागली. ही मुलगी ओरडली नाही, ब्रेकवर उभी राहिली नाही. वेग आपसूक कमी होऊ दिला, हँडल सरळ धरलं आणि गाडी कडेला नेऊन उभी केली. मला वाटलं, नवीन काही शिकली आहे आणि दाखवते आहे. थोडा वेळ झाडाखाली बसलो, गार वारा होता, भाजीच्या टेम्पोतून घरी आलो. झालं एवढंच. केस तेवढे विस्कटले.

तिला चार शब्द बरे लिही. मला नकोत, मला पुष्कळ आहेत.

आशीर्वाद आहेतच, मागायला नकोत.

तुझी आई

२० फेब्रुवारी

स. न. वि. वि.

आईंनी तुम्हाला पत्र घातलं आहे. त्यात त्यांनी काय लिहिलं असेल याचा मला अंदाज आहे, म्हणून हे वेगळं लिहिते. त्यांना कळू देऊ नका.

त्या दिवशी सकाळी काटा सव्वीसवर होता. मी तेहेतीसपर्यंत भरली आणि निघाले, कारण त्यांची वेळ चुकली की पुढची जागा कधी मिळेल सांगता येत नाही. येताना चाक बसलं. गाडी डगमगली तेव्हा आईंनी मला घट्ट धरलं, आणि त्या ओढाताणीत सुया टोचलेल्या हाताची पट्टी सुटली. गाडी उभी करून मागे वळले तर त्यांची बाही कोपरापर्यंत लाल झालेली. रस्त्यावर कोणी नाही. मी त्यांना झाडाखाली निजवलं, पिशवीतल्या अस्तराच्या कापडाची घडी केली आणि जागेवर दाबून धरली. हात उचलून बघायची हिंमत होईना. त्या मला सांगत होत्या की गाडीला कुलूप लाव. त्यांचे ओठ पांढरे पडले होते आणि त्यांना गाडीच्या कुलपाची पडली होती.

भाजीचा टेम्पो आला नसता तर काय झालं असतं, हे मी रोज मनात लिहिते आणि खोडते. टेम्पोवाल्याने उलट वळवून हॉस्पिटलमध्ये नेलं. रक्त थांबलं. डॉक्टर म्हणाले, दाबून धरलं हे बरं केलं.

गाडी दुसऱ्या दिवशी मेकॅनिककडे उघडली, मी समोर उभी होते. मागच्या चाकाच्या एका स्पोकचं टोक आतून वर आलं होतं आणि ट्यूबला घासत होतं. आम्ही सगळे बाहेरून खिळा शोधत बसलो. आता ट्यूब नवी, टायर नवा, तो स्पोकही बदलला.

पण मी गाडीवर बसले की किल्ली फिरवायचा धीर होत नाही. काल अंगणात नुसती बसून उतरले. तुम्ही लिहिलंत ते लागलं, कारण ते मी आधीच स्वतःला म्हणून झालं होतं.

सुई

२६ फेब्रुवारी

माझ्या सुईबाईस,

दोन्ही पत्रं एकाच ट्रकने आली. आईचं आधी उघडलं आणि हसलो. मग तुझं उघडलं आणि खडीच्या ढिगावर बसलो. मुकादम येऊन विचारून गेला की ऊन लागलं का.

मी तुला जे लिहिलं ते भीतीने लिहिलं. इथून हात पोहोचत नाही, मग जीभच लांब होते. फिटरचा खांदा मी तुला ऐकवला, आणि ते पोहोचायच्या आत तू तिकडे आईचा हात धरून बसली होतीस. मला माफ कर. दाबून धरलंस, सोडलं नाहीस, यापुढे मला काही लिहायचं नाही.

भीती वाटते तोवर गाडी काढू नकोस. काकूंच्या मुलाची मोटार मिळते का बघ. मधला गाळा पुढच्या पंधरवड्यात बसेल असं म्हणतात. बसला की मी निघालो. तोवर आईला विचारू नकोस, ती सगळ्याला ठीक आहे म्हणते. तिचे पाय सुजलेत का तेवढं बघून कळव.

तुझा,
आणि या खेपेला शुद्धीवर असलेला,
पूलवाला

८ मार्च

पूलवाल्यांस स. न. वि. वि.

तुमचं पत्र यायच्या आधीच काकूंच्या मुलाने मोटारीतून चारदा नेलं, फार चांगुलपणा केला. पाचव्या खेपेला त्याला कामावरून सुटता आलं नाही. टॅक्सीला फोन केले, कोणी येईना. तेव्हा आई म्हणाल्या, राहू दे, एक दिवस नाही गेलं तर काही बिघडत नाही. असं म्हणून त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या. तुम्ही सांगितलं होतंत म्हणून मी पांघरूण सरकवून पाय पाहिले. सुजलेले होते. अंगठ्याने दाबलं तर खड्डा तसाच राहिला.

मग मी किल्ली घेतली. हवा पाहिली, दोन्ही चाकं हाताने फिरवून आत-बाहेर पाहिली. आईंच्या हातावर जादा पट्टी बांधली आणि त्यांना बजावलं की मला धरायचं ते दुसऱ्या हाताने. कालव्याच्या रस्त्याला लागल्यावर तर मला वाटलं, परत वळावं. प्रत्येक खड्डा मला चाकच वाटला. आई मागून सारख्या काहीतरी बोलत होत्या. वाऱ्यात एक अक्षर कळलं नाही. हॉस्पिटलच्या दारात उतरल्यावर विचारलं तर म्हणाल्या, काही नाही, तुला एकटं वाटू नये म्हणून बोलत होते.

त्यानंतर आणखी दोनदा जाऊन आलो. सूज उतरली आहे. हवा टिकते आहे. भीती अजून आहे, तिला घरी ठेवून जाता येत नाही, म्हणून तीही येते.

गाळा बसला की या, पण घाईने नको. स्टँडवर घ्यायला मी गाडी घेऊन येईन. किल्ली मागायची नाही. तुम्ही मागे बसायचं, आणि उजवीकडे कलून दुकानं बघायची नाहीत. तेवढं तुमचं वजन किती झालंय ते आधी कळवा, म्हणजे त्या बेताने हवा भरून ठेवते.

वाट बघत,
तुमची सुई